राजुऱ्याहून मुंबई किती दूर?

निवृत्त झाल्यावरही माझे पाय अधूनमधून शाळेकडे वळतात. गेल्या पावसाळ्यात असाच एके दिवशी मी राजुऱ्यातील एका शाळेत सातवीच्या वर्गावर गेलो होतो. भिंतीवर महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला होता. नकाशाच्या उजव्या कडेला, वर्धा नदीच्या काठी, आपले राजुरा. आणि डाव्या कडेला, समुद्राच्या काठी, मुंबई. मी मुलांना विचारले, "आपल्याकडील माणूस मुंबईस जावयाचे झाल्यास पुष्कळदा प्रथम नागपूर गाठतो आणि तेथून पुढे निघतो. तर सांगा पाहू, नागपूर ते मुंबई अंतर किती?"

पहिल्या बाकावरील एक मुलगा ताडकन उभा राहिला. त्याचे वडील रेल्वेत नोकरीस होते. तो म्हणाला, "८३७ किलोमीटर!"

दुसरा म्हणाला, "नाही गुरुजी, ७०१ किलोमीटर. समृद्धी महामार्गाची लांबी तेवढीच आहे."

तिसऱ्याने नकाशावर पट्टी ठेवली, खाली दिलेले प्रमाण पाहिले, पाटीवर आकडेमोड केली आणि तो म्हणाला, "माझे उत्तर ६८५ च्या आसपास येते."

एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "दीड तास!"

सारा वर्ग हसला. विचारले अंतर आणि उत्तर मात्र वेळेचे! ती बिचारी ओशाळून खाली बसू लागली. मी म्हणालो, "हसू नका. चौघांचीही उत्तरे आपापल्या परीने बरोबर आहेत." मग त्या मुलीस मी विचारले, "दीड तास कसा काय, बाळ?"

ती म्हणाली, "गुरुजी, माझा दादा मुंबईस कामाला आहे. तो आईला नेहमी सांगतो, 'तू काळजी करू नकोस, विमानाने मी दीड तासावर आहे.' पण गेल्या वर्षी गणपतीला तो आला, तेव्हा पहाटे निघालेला दादा दुपार कलल्यावर घरी पोहोचला. आई सारखी दाराकडे पाहत होती. दीड तासाची वाट, मग सारा दिवस कसा लागला?"

वर्ग आता शांत झाला होता. मुलांनो, त्या मुलीचा प्रश्न मोठा मोलाचा होता. 'किती दूर?' हे दोन शब्द उच्चारावयास सोपे; पण त्यांचे उत्तर देण्यापूर्वी आपण नेमके काय मोजत आहोत, हे ठरवावे लागते. त्या दिवशी वर्गात आम्ही जे बोललो, तेच आज तुम्हांला सांगतो.

वाटेचे अंतर

प्रथम आपल्या पायांखालची वाट पाहू. राजुऱ्यापासून जवळचे मोठे रेल्वेस्थानक म्हणजे नदीपलीकडील बल्लारशाह. तेथून नागपूर साधारण उत्तरेस आहे. परंतु आगगाडी सरळ उत्तरेस जात नाही. ती चंद्रपूर, भांदक, वरोरा, हिंगणघाट अशी गावे घेत वायव्येकडे सेवाग्रामपर्यंत जाते. तेथे नागपूरचा मार्ग ईशान्येकडे वळतो. बल्लारशाह ते सेवाग्राम सुमारे १३३ किलोमीटर आणि सेवाग्राम ते नागपूर सुमारे ७६ किलोमीटर. म्हणजे एकूण २०९ किलोमीटर झाले. नकाशावर बल्लारशाह व नागपूर पट्टीने जोडले, तर मात्र हे अंतर १४५ किलोमीटरच्या आसपास भरते.

हा चौसष्ट किलोमीटरचा फरक कोठून आला? भूमितीत तुम्ही शिकलाच आहात की, त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा अधिक असते. आगगाडी त्रिकोणाच्या दोन बाजूंवरून जाते. पट्टी तिसरी बाजू मोजते. पुस्तकातील प्रमेय असे रोज आपल्या दारावरून शिटी वाजवीत जात असते!

नागपूर ते मुंबई या मार्गाचेही तसेच. नागपुरास आगगाडी सन १८६७ मध्ये पोहोचली. वर्धा, बडनेरा, अकोला, भुसावळ, मनमाड, नाशिक असे करीत आणि कसाऱ्याचा घाट उतरत ती मुंबईस जाते. व्यापाराची गावे जोडावयाची, नद्यांवर योग्य जागी पूल बांधावयाचे, डोंगरातून बेताचा चढ शोधावयाचा. म्हणून लोहमार्ग वळणे घेतो आणि अंतर ८३७ किलोमीटर होते. सन २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग पुष्कळ सरळ आखलेला आहे. डोंगर आडवा आला तेथे बोगदा खणला, दरी आली तेथे पूल उभारला. म्हणून त्याची लांबी ७०१ किलोमीटर झाली. हा महामार्ग ठाणे जिल्ह्यात आमणे येथे संपतो. मुंबई शहर तेथून आणखी पुढे आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

वाट किती वळणे घेऊ शकते, याचे एक नवल आपल्या शेजारच्याच जंगलात घडले. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात सन २०१९ मध्ये एक पट्टा बसविण्यात आला होता. त्या पट्ट्यातील यंत्र उपग्रहाच्या साहाय्याने वाघ कोठे आहे ते कळवीत असे. तो वाघ स्वतःसाठी रान शोधीत निघाला. महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, नाले, रस्ते ओलांडीत तो त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरांहूनही कमी. पण वाघाची वाटचाल झाली सुमारे १३०० किलोमीटर! त्याच्यापुढे रस्ता आखलेला नव्हता. पाणी, शिकार आणि झाडांचा आडोसा जिकडे मिळेल तिकडे त्याची वाट वळत होती.

सरळ रेषेतील अंतर

आता तिसऱ्या मुलाचे उत्तर घेऊ. सरळ रेषेतील अंतर ६८५ किलोमीटर आहे, हे कोणी आणि कसे मोजले? एवढ्या लांबीची दोरी कोणी ताणणार? मध्ये डोंगर, नद्या आणि गावे आहेत.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांतील एका पुरुषाचे थडगे आपल्या वाटेवरच आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्टन. त्याने सन १८०२ मध्ये मद्रासजवळ एका मोठ्या मापनकार्यास आरंभ केला. सपाट जमिनीवर शंभर फूट लांबीची पोलादी साखळी पुनःपुन्हा टाकून त्याने सुमारे बारा किलोमीटर लांबीची एक रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजली. नंतर रेषेच्या दोन्ही टोकांपासून दूरच्या टेकडीवरील एक खूण पाहून दोन कोन मोजले. त्रिकोणाची एक बाजू व दोन कोन कळले की, उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूंवर दुसरा त्रिकोण, त्यावर तिसरा, अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकू लागली. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते जंगलातून, चिखलातून, डोंगरमाथ्यांवर वाहून न्यावयाचे!

हे काम करीत असतानाच २० जानेवारी १८२३ या दिवशी हिंगणघाट येथे लॅम्टन मरण पावला. तो तेव्हा नागपूरच्या वाटेवर होता. पुढे त्याचा साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट याने ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. जगातील सर्वांत उंच शिखरास त्याचेच नाव पुढे देण्यात आले. नागपुरात चार घोड्यांसह उभा असलेला शून्य मैलाचा स्तंभ तुम्ही पाहिला असेल. तेथील दगडावर चांदा, हैदराबाद, जबलपूर आदी गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. पुढच्या वेळी आगगाडी हिंगणघाटास थांबेल तेव्हा एवढे स्मरा की, ज्या अंतरांचे आकडे आपण सहज वाचतो, ते मिळविण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत.

सरळ रेषेविषयी आणखी एक गंमत आहे. पृथ्वी गोल आहे. म्हणून दूरच्या दोन गावांमधील सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर नीट दिसत नाही. वर्गातील पृथ्वीचा गोल घ्या. एक दोरा मुंबईवर धरा आणि न्यूयॉर्कपर्यंत घट्ट ताणा. दोरा सरळ पश्चिमेकडे जाईल असे तुम्हांला वाटेल. पण तो युरोपच्या उत्तर भागावरून वर चढून मग खाली उतरतो. गोलावरील सर्वांत आखूड वाट हीच. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. नागपूर-मुंबईसारख्या जवळच्या गावांच्या बाबतीत मात्र हा फरक जाणवण्याजोगा नसतो.

विमानाचा वेळ

सरळ रेषेच्या सर्वांत जवळून जाणारे वाहन म्हणजे विमान. त्याला घाट नको, पूल नको. मोठे प्रवासी विमान उंचावर गेल्यावर ताशी सुमारे ८०० किलोमीटर वेगाने जाते. मग अंतराला वेगाने भागू: ६८५ भागिले ८०० म्हणजे सुमारे ५१ मिनिटे. परंतु वेळापत्रकात नागपूर ते मुंबई सुमारे दीड तास लिहिलेला असतो. उरलेली चाळीस मिनिटे कोठे गेली?

वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते. प्रथम ते धावपट्टीच्या टोकापर्यंत चाकांवर सावकाश जाते. आकाशात झेपावल्यावर दहा किलोमीटर उंची गाठण्यास त्याला सुमारे वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात त्याचा वेग पूर्ण नसतो. उतरतानाही तसेच, वेग हळूहळू कमी करावा लागतो. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर आपली पाळी येईपर्यंत कधी आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. बैलगाडी असो की विमान, निघणे आणि थांबणे यांना वेळ लागतोच.

त्यातच वाऱ्याची भर. वर्धा नदीत नाव प्रवाहाबरोबर सोडली तर भराभर जाते. प्रवाहाविरुद्ध वल्हवू लागलो तर तेच अंतर कापावयास दुप्पट वेळ लागतो. आकाशातही वाऱ्याचे असे प्रवाह आहेत. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे फार वेगाने वारे वाहतात. म्हणून मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा परत येताना एक-दोन तास कमी लागतात. वाट तीच, विमान तेच. वारा मात्र बदललेला!

आजचा दीड तास आपल्यास सहज मिळालेला नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचे लहानसे विमान घेऊन कराचीहून टपालाच्या थैल्यांसह निघाले. अहमदाबादला थांबून त्यांनी इंधन भरले. ते इंधन बैलगाडीतून डब्यांत आणलेले होते. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी निघालेले ते विमान दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईत जुहू येथे उतरले. हवाई अंतर सुमारे १०४० किलोमीटर आणि लागलेला वेळ सव्वासात तास! आज या अंतराला जेट विमानास दोन तासही पुष्कळ होतात.

आपले नागपूरही या इतिहासात मागे नाही. सन १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री चार विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई. मग प्रत्येक विमान आपापल्या शहरास परत जाई आणि पहाटेपर्यंत दिल्लीचे पत्र मद्रासला, मुंबईचे पत्र कलकत्त्याला पोहोचलेले असे. हे काम नागपुरासच का मिळाले? कारण ते देशाच्या मध्यावर आहे. सरळ रेषेत नागपुरापासून मुंबई सुमारे ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता सुमारे ९८५ किलोमीटर आहे.

आता एक हिशेब करा. त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरू. मग मुंबईच्या विमानास नागपूर गाठण्यास सुमारे अडीच तास लागतील आणि कलकत्त्याच्या विमानास साडेतीन तासांहून थोडे अधिक. चौघांनी एकाच वेळी यावयाचे, तर निघण्याच्या वेळा निरनिराळ्या हव्यात! एकाला उशीर झाला की चारही शहरांच्या टपालास उशीर होणार. चार वैमानिक अंधारात, चार दिशांनी, एका दिव्याच्या ओळीकडे येत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्या रात्री अंतर आणि वेळ यांचा हिशेब ही केवळ पाटीवरील आकडेमोड नव्हती. पुढे वेगवान जेट विमाने आली, शहरे एकमेकांशी थेट जोडली गेली आणि ती सेवा बंद झाली.

घड्याळाची फसवणूक

प्रवासाचा वेळ काढताना निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून वजा करावी, असे आपण म्हणतो. नागपूर आणि मुंबई या गावांपुरते ते खरे. नागपूर मुंबईच्या पूर्वेस असल्यामुळे तेथे सूर्य सरासरी चोवीस-पंचवीस मिनिटे आधी माथ्यावर येतो; तरी साऱ्या देशाचे घड्याळ एकच असल्याने हिशेब चुकत नाही.

परदेशी जाताना मात्र सावध असावे. दुबईचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या दीड तास मागे असते. मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान दुबईत तेथील घड्याळाप्रमाणे साडेअकराला उतरले, तर प्रवास दीड तासाचा झाला असे समजू नका. आपल्याकडे तेव्हा दुपारचा १ वाजलेला असतो. प्रवासास लागलेला खरा वेळ तीन तास.

घरापासून घरापर्यंत

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. दादा मुंबईत राहतो; पण तो काही विमानतळावर राहत नाही. आणि आई राजुऱ्यास राहते; नागपूरच्या धावपट्टीवर नव्हे. आम्ही फळ्यावर साऱ्या प्रवासाचा हिशेब मांडला. मुंबईतील घरापासून विमानतळापर्यंत, वाटेतील गर्दी धरून, दीड तास. सामान देणे, तपासणी यांसाठी विमानतळावर आधी पोहोचावे लागते. त्याचे दोन तास. विमानाचा दीड तास. नागपूर विमानतळापासून राजुऱ्यापर्यंत रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर. त्याचे चार तास. बेरीज झाली नऊ तास.

मुले चकित झाली. नऊ तासांच्या प्रवासात विमानाचा वाटा केवळ एक षष्ठांश! मी त्यांना विचारले, "उद्या कोणी दुप्पट वेगाचे विमान आणले, तर दादा किती लवकर येईल?" हिशेब करून एक मुलगा म्हणाला, "फक्त पाऊण तास, गुरुजी." दुसरा म्हणाला, "त्यापेक्षा रस्ताच चांगला असला, तर अधिक वेळ वाचेल."

तेव्हा मी मुलांना माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी, श्रावणाच्या सुमारास, मुंबईहून माझ्या भाच्याचा दूरध्वनी आला. "मामा, आई फार आजारी आहे. तुमची सारखी आठवण काढते. लवकर या." माझी ही थोरली बहीण म्हणजे आम्हां भावंडांची आक्का. आई गेल्यावर तिनेच आम्हांस वाढविले. मी दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या विमानाचे तिकीट काढविले आणि भाच्यास कळविले, "आक्काला सांग, मी उद्या संध्याकाळी तिच्याजवळ असेन."

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मोटारीने नदीपाशी आलो, तो वर्धेला पूर आलेला. बल्लारपूरकडे जाणाऱ्या पुलावरून पाणी वाहत होते. दोन्ही तीरांवर वाहनांच्या रांगा लागल्या होत्या आणि पोलीस कोणासही पुढे सोडीत नव्हते. ते योग्यच करीत होते. सकाळची आगगाडीही तोवर निघून गेली होती. पलीकडचा काठ मला स्पष्ट दिसत होता. तेथे उभ्या असलेल्या एका मोटारीचे दिवेदेखील दिसत होते. अंतर किती? दहा मिनिटे चालण्याएवढे. पण त्या दिवशी त्या दहा मिनिटांच्या वाटेपेक्षा दुसरे काही दूर नव्हते. मी खिशातील तिकीट पाहत काठावर उभा राहिलो आणि दुपारी विमान माझ्यावाचून निघून गेले.

पाणी ओसरल्यावर मी निघालो आणि एक दिवस उशिराने मुंबईस पोहोचलो. आक्काने माझा हात हातात घेतला आणि क्षीण आवाजात विचारले, "एवढा उशीर का रे केलास? मुंबई तर आता जवळ आली म्हणतात ना?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. देवाच्या दयेने ती त्या दुखण्यातून उठली; पण तिचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

मुलांनो, त्या दिवसापासून मी 'किती दूर?' या प्रश्नाचे उत्तर घाईने देत नाही. साखळीचे बळ जसे तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढे, तसे प्रवासाचे. लोहमार्ग, महामार्ग आणि विमान या साऱ्या भक्कम कड्या असूनही नदीवरचा एक पूल पाण्याखाली गेला की, मुंबई दीड तासावर राहत नाही. पुराच्या दिवसांत जंगलकाठच्या एखाद्या वस्तीतील आजारी माणसाला तर चंद्रपूरचे रुग्णालयदेखील मुंबईएवढेच दूर होते.

जवळ आणणे

मग उपाय काय? चंद्रपूरजवळ मोरवा येथे एक लहान धावपट्टी आहे. आपल्या राजुरा तालुक्यातही विहीरगाव-मूर्ती परिसरात विमानतळ व्हावा असा प्रस्ताव पुढे आला. तो झाला तर नागपूरचे चार तास वाचतील, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. दुसरीकडे, तो भाग जंगलाचा आणि वाघांच्या येण्याजाण्याचा आहे, म्हणून त्यास आक्षेपही घेतला गेला. ताडोबाच्या रानातून तेलंगणातील कावलच्या रानाकडे जाणारे वाघ आपल्या तालुक्यातील जंगलातूनच वाट काढतात. आपली वाट आखूड करताना त्यांची वाट तुटू नये, हाही हिशेबाचाच एक भाग आहे. मोठेपणी असे प्रश्न तुम्हांलाच सोडवावयाचे आहेत. तेव्हा वेग किती वाढला एवढेच पाहू नका. कोणाची वाट सुकर झाली आणि कोणाची अडली, तेही पाहा.

तास संपला. घंटा झाली. बाहेर पाऊस पडतच होता. ती मुलगी दप्तर उचलून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, यंदा दादा येईल तेव्हा आईला सांगेन, तो दीड तासावर नाही, नऊ तासांवर आहे. आणि तो निघायच्या आधी नदीवर जाऊन पाणी किती आहे ते मी पाहून येईन. पूल बुडत असेल तर त्याला आधीच कळवीन."

मला फार समाधान वाटले. अंतर कसे मोजावे हे तिला कळले होते.

शब्दार्थ

ओशाळणे – लाज वाटणे. प्रमेय – भूमितीतील सिद्ध केलेले विधान. वायव्य – उत्तर व पश्चिम यांमधील दिशा. ईशान्य – उत्तर व पूर्व यांमधील दिशा. आडोसा – आधार देणारी लपण्याची जागा. क्षीण – अशक्त. षष्ठांश – सहावा भाग. सुकर – सोपी.

स्वाध्याय

१. नागपूर ते मुंबई अंतराची वर्गात कोणती चार उत्तरे आली? प्रत्येक उत्तर कोणत्या अर्थाने बरोबर आहे ते लिहा.

२. बल्लारशाह ते नागपूर लोहमार्गाचे अंतर सरळ रेषेतील अंतरापेक्षा अधिक का आहे? आकृती काढून दाखवा.

३. कारणे द्या: (अ) रात्रीच्या हवाई टपालासाठी नागपूरची निवड झाली. (आ) वेळापत्रकातील विमानाचा वेळ अंतर भागिले वेग याहून अधिक असतो. (इ) मुंबईहून न्यूयॉर्कला जाण्यास परतीपेक्षा अधिक वेळ लागतो.

४. डाकोटा विमानाचा वेग ताशी २७० किलोमीटर धरा. दिल्ली व मद्रास येथील विमानांनी बरोबर मध्यरात्री नागपुरास पोहोचावयाचे असल्यास त्यांनी सुमारे किती वाजता निघावे?

५. "त्या दहा मिनिटांच्या वाटेपेक्षा दुसरे काही दूर नव्हते." लेखकाने असे का म्हटले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा.

६. तुमच्या घरापासून तुमच्या एखाद्या नातेवाइकाच्या घरापर्यंतच्या प्रवासाचे टप्पे लिहा. प्रत्येक टप्प्याचे अंतर आणि त्यास लागणारा वेळ मांडा. त्यांपैकी सर्वांत कच्ची कडी कोणती, ते शोधा.

७. 'आमच्या गावाचा पूल' या विषयावर दहा ओळींचा निबंध लिहा.